काळी छत्री आणि निळी नदी

मी एक जुनी काळी छत्री आहे, आणि मला पावसात नेत नाहीत.

हे वाचून तुम्ही हसाल. खुशाल हसा, सगळेच हसतात. पावसासाठी जन्मलेली वस्तू आयुष्यभर उन्हात उभी राहिली, याचं मला आता काही वाटत नाही. मला चीड आहे ती वेगळ्याच गोष्टीची. मित्रांनो, छत्रीला दिसतं आणि ऐकू येतं, पण बोलता येत नाही. माझं कापड दोनदा फाटलं, काड्या तीनदा वाकल्या, त्याचा मला फारसा त्रास झाला नाही. बोलता येत नाही याचा मात्र एक वर्षभर असा त्रास झाला की विचारू नका. ज्यांना बोलता येत होतं ते गप्प बसले होते, म्हणून तर तो जास्त झाला.

माझा जन्म रविवार पेठेतल्या एका अरुंद दुकानात झाला. लोखंडी काड्या, वेताचा दांडा आणि घट्ट विणीचं काळं सुती कापड. दुकानदाराने मला इतर छत्र्यांबरोबर दोरीला उलटी टांगली होती. ऐन उन्हाळ्यात एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. त्यांनी मला उघडली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उन्हात धरली. मग पिशवीतून एक कोरा पांढरा कागद काढून माझ्याखाली धरला आणि बराच वेळ त्या कागदाकडे पाहत उभे राहिले.

दुकानदार म्हणाला, "अहो, पाणी ओतून बघा. कागद काय बघताय?"

"पाण्याशी मला काम नाही. हिच्याखाली कागद पांढरा दिसतो का, तेवढं बघतोय."

"छत्री पावसासाठी असते."

"तुमच्याकडे असेल," गृहस्थ म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

ते रंगनाथराव. शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहणारे, आणि नदीची चित्रं काढणारे.

आता कागद पांढरा दिसण्याचं एवढं कौतुक का, ते सांगते. उघड्यावर बसून चित्र काढणाऱ्याला डोक्यावर सावली लागते. कागदावर थेट ऊन पडलं तर डोळे दिपतात आणि रंग खरे कळत नाहीत. पण सावली कशाची, यालाही महत्त्व आहे. लाल छत्रीखाली बसलात तर कागदावर लाल उजेड पडतो. मग तुम्ही नकळत लाल रंग कमी लावता, आणि चित्र घरी आणल्यावर ते आजारी माणसासारखं फिकं दिसतं. काळी छत्री आपला रंग कागदाला देत नाही. माझा गुण तो एवढाच, आणि मला तो पुरेसा वाटत होता.

रंगनाथराव पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या भागांच्या आकृत्या ते हाताने काढत. त्यांची रेघ केसासारखी बारीक असे, असं त्यांच्या पत्नी मुक्ताबाई लोकांना सांगत. मग कारखान्यात संगणक आले. रंगनाथराव त्यापुढे काही महिने बसले. घरी येऊन म्हणत, "रेघ मारल्याचा आवाजच येत नाही. काढली की नाही तेच कळत नाही." शेवटी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्याबरोबर निघालेल्यांपैकी कोणी झेरॉक्सचं दुकान टाकलं, कोणी जमिनीच्या दलालीत शिरलं. रंगनाथरावांनी छत्री घेतली, म्हणजे मला.

त्यांनी माझ्या दांड्याला लोखंडी सळई बांधून घेतली. ती नदीकाठच्या मातीत खुपसली की मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी राहत असे. चित्र काढताना पाऊस आला, तर ते घाईघाईने मला उपटून चित्रावर धरत आणि स्वतः भिजत. घरी मुक्ताबाई टॉवेल पुढे करत म्हणत, "चित्र कोरडं, नवरा ओला. आमच्याकडे सगळं उलटंच."

रविवारी नदीवर त्यांच्याबरोबर दोघं जण असत. एक श्रीधरसर. ते एका कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. चित्र काढण्यापेक्षा चित्राबद्दल बोलणं त्यांना अधिक जमत असे. दुसरे ज्ञानदेव, येरवड्याचे. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. अक्षर असं की लांबून पाहिलं तरी गोडी वाटावी. पण छापील फ्लेक्सचे बोर्ड आले आणि त्यांचा ब्रश बसून राहिला. त्या वाईट दिवसांत रंगनाथराव त्यांना बळेच नदीवर घेऊन आले. "पाट्या गेल्या, नदी कुठे गेलीय?" असं म्हणाले. ज्ञानदेव ते कधी विसरले नाहीत. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी ही गोष्टही आहे, म्हणून सांगून ठेवते.

तिघांचा एक नियम होता. चित्रं झाली की ती घाटाच्या पायरीला टेकवून ओळीने ठेवायची आणि पंचनामा करायचा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रातला एक दोष सांगायचा. एकच, पण खरा. कौतुक करायला बंदी होती. जो कौतुक करील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

"रंगनाथराव, नदी उत्तम आहे," श्रीधरसर सुरुवात करत, "फक्त ती डोंगर चढते आहे."

"सर, तुमच्या नदीत पाणी हाय का पत्रा टाकलाय?" ज्ञानदेव विचारत.

"ज्ञानदेव, तुमचं झाड नदीकाठी उभं आहे की दुकानावर लावलंय?" हे रंगनाथराव.

मग तिघं हसत आणि आपापल्या पैशाने चहा पीत. कौतुकाचा चहा त्यांनी कधी प्यायला नव्हता. मला ही माणसं आवडत. पुण्यात तोंडावर बोलायची टंचाई नाही, पण ते तिघं बोलत ते एकमेकांचं चित्र सुधारावं म्हणून.

माझं तोंड आभाळाकडे आणि पोट कागदाकडे. त्यामुळे नदी मला कागदावरच भेटे. संगमावरची मुळा आणि मुठा, बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून सांडणारं पाणी, पुलाच्या कमानींची पाण्यात हलणारी सावली, हे सगळं मी कागदावर उतरताना पाहिलं आहे. पाण्यावरचं ऊन दाखवायला पांढरा रंग लावत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे का? तिथे कागद कोरा सोडतात. आजूबाजूला रंग भरत जायचं आणि उन्हाच्या जागेला हात लावायचा नाही. श्रीधरसरांचा हात राहत नसे, ते ऊन पुसून टाकत. रंगनाथरावांना सोडायचं कुठे ते कळत असे. म्हणून त्यांच्या चित्रातलं पाणी चमकत असे.

आणि पाण्याचा रंग ते खरा लावत. मुठेचं पाणी उन्हाळ्यात हिरवट करडं दिसतं, कधी मातकट, कधी नुसतं काळं. वर्षं गेली तसा शहरातून येणारा फेस वाढला, जलपर्णी वाढली. रंगनाथराव फेसही काढत आणि जलपर्णीही काढत. पुलावरून जाणारा कोणी थांबून म्हणे, "आजोबा, जरा चांगलं पाणी दाखवा की." ते मान वर न करता म्हणत, "आधी तुम्ही चांगलं पाणी सोडा. मग मी दाखवतो."

अशी पुष्कळ वर्षं गेली. मग कागदावर काहीतरी बिघडू लागलं.

पहिल्यांदा ते मला दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसणार? त्यांचा ब्रश पाण्याच्या वाटीऐवजी चहाच्या कपात बुडला. ते स्वतःशीच हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बुडला. मग ते रंगांच्या ताटलीवर वाकून पाहू लागले, इतके की नाकाला रंग लागे. आणि पाण्यात थोडा थोडा निळा येऊ लागला.

रंगनाथरावांनाही काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण ते त्यांनी माझ्यावर ढकललं. मला उन्हात धरून म्हणाले, "हिचं कापड विटलं. तांबडं पडलंय. कागद पिवळा दिसतो हिच्याखाली." मित्रांनो, मी विटले होते हे खरं आहे. पण कागद पिवळा दिसण्याइतकी विटले नव्हते. तरी मला दुरुस्तीला नेलं आणि नवं काळं कापड बसवून घेतलं. नव्या कापडाखालीही कागद त्यांना पिवळाच दिसला.

"कापड हलकं दिलं लेकाने," ते म्हणाले.

मुक्ताबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "छत्रीला कितीदा दाखवून आणणार? एकदा डोळे दाखवून या."

"डोळ्यांना काय झालंय?"

"काल वरणात साखर घातलीत. मी खाल्लं. बोलले नाही."

"मग आज कशाला बोलतेस?"

तो विषय तिथेच संपला. त्याला कारण होतं. रंगनाथरावांच्या थोरल्या भावाचा एक डोळा गावाकडे एका शिबिरातल्या ऑपरेशननंतर गेला होता. तेव्हापासून डोळ्याला सुरी लावायची म्हटलं की रंगनाथराव खोलीतून उठून जात. ज्याचं सगळं आयुष्य डोळ्यावर चाललं त्याला ही भीती वाटणारच. मी त्यांना दोष देत नाही. मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

त्यांची मुलगी श्रद्धा येरवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि लग्नानंतर वाघोलीला राहत होती. तिची कंपनी सणासुदीला काहीतरी फुकट वाटत असे. कधी कॉफीचा मग, कधी पिशवी, कधी घड्याळ. त्या वर्षी तिने वडिलांसाठी छत्री आणली. भगव्या रंगाची, एवढी मोठी की खाली लग्न लागावं.

"बाबा, ही ट्राय करा ना. यूव्ही प्रोटेक्शन आहे. ती जुनी किती हेवी आहे."

रंगनाथरावांनी मला कागद धरून तपासली होती. तिला नाही तपासली. मुलीने आणली होती आणि माझ्यावर त्यांचा राग होता. मला माळ्यावर टाकलं. मुक्ताबाईंनी खाली काढलं ते गच्चीवर पापड वाळत घातले तेव्हा. कावळ्यांना भीती वाटावी म्हणून मला पापडांशेजारी उघडून ठेवत. मित्रांनो, ज्या छत्रीखाली नदीची शेकडो चित्रं झाली तिने उडदाचे पापड राखले. कावळे माझ्यावर येऊन बसत ते वेगळंच.

पण चित्रं घरी येत आणि गच्चीच्या दारातून मला ती दिसत. भगव्या उजेडात निळा रंग मरतो. रंगनाथरावांच्या डोळ्यात तो आधीच मरत होता. त्यामुळे कागदावर निळा दिसेना, म्हणून ते आणखी निळा लावत. तोही दिसेना, मग आणखी लावत. महिन्याभरात मुठा शाईसारखी निळी झाली. इतकी निळी की नदीकाठची म्हैससुद्धा निळी दिसावी. आणि मजा अशी की रंगनाथरावांना ती हिरवट करडीच दिसत होती. आपण नेहमीसारखीच नदी काढतो आहोत, असं ते समजत होते.

मी मनात म्हटलं, येत्या रविवारी पंचनामा होईल. ज्ञानदेव सोडणार नाहीत.

रविवारी तिघं रंगनाथरावांच्याच घरी चित्रं घेऊन आले, कारण मुक्ताबाईंनी थालीपीठ केलं होतं. चित्रं भिंतीला टेकवली. श्रीधरसर निळ्या नदीपुढे उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "रंगनाथराव, मला आज दोष सांगता येत नाही. हे पाणी या गावातलं नाहीच. हे नदीचं हरवलेलं बालपण आहे."

ज्ञानदेव म्हणाले, "नदीचं बालपण वर डोंगरात हाय सर. हितं पुण्यात कुठलं?" आणि मग ते चित्रावर वाकून पाहू लागले. त्यांना काहीतरी जाणवलं होतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी रंगनाथरावांकडे पाहिलं. रंगनाथराव हसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चित्राचं कौतुक झालं होतं.

"ज्ञानदेव, तुमचा दोष?"

"आज न्हाय काय," ज्ञानदेव म्हणाले. "चांगलं हाय."

"मग चहा तुमच्याकडून."

"माझ्याकडनं."

मी त्या वेळी गच्चीच्या दाराशी उलटी पडले होते. माझ्या काड्या थरथरत होत्या असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. वर्षानुवर्षं नदी वर चढते, पाणी पत्र्यासारखं दिसतं, असं तोंडावर सांगणारी ही माणसं. सांगायची गरज नव्हती तेव्हा सांगत आली, आणि ज्या दिवशी सांगायलाच हवं होतं त्या दिवशी त्यांना सभ्यपणा सुचला.

मग तर सगळं सुटलंच. श्रीधरसरांनी एका साप्ताहिकात लेख लिहिला. निळ्या मुठेचा चित्रकार, असं काहीतरी नाव होतं. त्यात लिहिलं होतं की ही प्रदूषणाविरुद्धची मूक तक्रार आहे. लेख वाचून लोक घरी येऊ लागले. नव्या फ्लॅटच्या सोफ्यावर निळं चांगलं दिसतं, असं एक बाई म्हणाल्या. चित्रं विकली जाऊ लागली. रंगनाथराव सकाळी लवकर उठत, मिशीला कंगवा फिरवत, गुणगुणत. मुक्ताबाईंना त्यांना इतकं आनंदात पाहून डोळ्यांचं बोलवेना. पायरी चुकली, कपबशी फुटली, शेजारच्याला त्यांनी तिसऱ्याच नावाने हाक मारली. त्या म्हणत, "वय झालं, आणखी काय." आणि ज्ञानदेव दर रविवारी म्हणत, "चांगलं हाय," आणि चहा पाजत.

त्या सगळ्या महिन्यांत त्यांचे दोन्ही डोळे आतून पिकत चालले होते.

भगव्या छत्रीचं पुढे काय झालं तेही सांगते. बंधाऱ्यावर वारा आला, ती उलटी झाली आणि तिच्या काड्या अशा मोडल्या की पुन्हा मिटलीच नाही. फुकटची छत्री वाऱ्यात किती दिवस टिकणार? मला धूळ झटकून परत काढलं. मी आले तेव्हा उशीर झाला होता. माझ्याखालीही ते आता निळा ओतत होते.

श्रद्धाच्या कंपनीने नव्या इमारतीच्या दर्शनी दालनासाठी एक मोठं चित्र घेतलं. ते लावायच्या दिवशी रंगनाथराव, श्रीधरसर आणि ज्ञानदेव यांना बोलावलं. ऊन कडक होतं, म्हणून रंगनाथराव मला घेऊन गेले. दारात रखवालदाराने अडवलं.

"काका, छत्री बाहेर ठेवा. फरशी ओली होते."

"ही पावसाची छत्री नाही."

"मग कसली आहे?"

"चित्राची."

रखवालदाराने माझ्याकडे आणि त्यांच्याकडे पाहिलं आणि वाद घालण्यापेक्षा आत सोडलं.

आत थंडगार हवा आणि पांढराशुभ्र उजेड. भिंतीवर ती नदी, माणसाच्या दुप्पट लांबीची. श्रद्धाचे साहेब, विश्वजीत नावाचे एक तरुण गृहस्थ, हात पुढे करून आले.

"काका, हा ब्लू जो आहे ना, एकदम कमाल. आमच्या लोगोचाच शेड. सगळी टीम म्हणतेय, तुम्ही खास मॅच करून दिलात."

रंगनाथराव हसले. "निळा? निळा कुठे आहे यात?"

"अहो, हा काय. पूर्ण नदी."

"ती हिरवट करडी आहे. मुठा कधी निळी होती?"

विश्वजीत श्रद्धाकडे पाहू लागले. श्रीधरसर पुढे सरसावले, "म्हणजे असं आहे की, कलावंताच्या नजरेतून पाहिलं तर..."

"सर, थांबा," रंगनाथराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ज्ञानदेव, पंचनामा करा."

ज्ञानदेव गुळगुळीत फरशीकडे पाहत राहिले.

"इथं नको रंगनाथराव. घरी गेल्यावर बोलू."

"एक दोष. आपला नियम आहे."

"निळं हाय," ज्ञानदेव म्हणाले. "शाई सांडल्यावाणी निळं हाय."

"हे एकच?"

"मागल्या उन्हाळ्यापासनं सगळी."

रंगनाथरावांनी माझा दांडा इतका घट्ट धरला की वेत करकरला.

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलू? तुमची चित्रं पैल्यांदा लोकं नेत होती. तुम्ही खूश होता. माझं सगळं गेलं तवा तुम्ही मला हाताला धरून नदीवर आनलं. आता तुमचं चाललंय, ते मी मोडू? आन् सर म्हनत होते, तुम्ही मुद्दाम काढताय."

रंगनाथरावांनी श्रीधरसरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मला वाटलं, आपल्याला ठाऊक आहे."

श्रद्धा इतका वेळ मागे उभी होती. ती वडिलांसमोर आली आणि आपल्या ओढणीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"बाबा, हिचा रंग सांगा."

"पांढरा."

ओढणी पिवळी होती. हळदीसारखी पिवळी. श्रद्धाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली नाही. तशीच त्यांचा हात धरून, ती त्यांना दालनातून बाहेर घेऊन गेली. त्या दिवशी दुपारीच ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. वाटेत भावाच्या डोळ्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. श्रद्धाने दोन्ही वेळा ऐकली आणि रिक्षा वळवू दिली नाही.

डॉक्टर बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याचं ऑपरेशन करता येईल, दिसू लागेल, असं त्या म्हणाल्या. डाव्यात तो फार पिकून आतला दाब वाढला होता आणि नस वाळली होती. तिथे आता काही करण्यासारखं नव्हतं.

घरून दवाखान्यात आलेल्या मुक्ताबाईंनी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"वर्षभर आधी आला असता तर दोन्ही."

मित्रांनो, त्या एका वर्षात रंगनाथरावांना जेवढी शाबासकी मिळाली तेवढी आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांचा डावा डोळा तिच्यापायी गेला. त्यांनी स्वतःच्या भीतीपायीही घालवला, हे मी नाकारत नाही. पण भित्र्या माणसाला हाताला धरून न्यायला आजूबाजूला माणसं असावीत, आणि ती होती. चहा पाजत होती.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी रंगनाथरावांनी घरातली सगळी निळी चित्रं भिंतीला लावून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मला मागवून घेतलं, खिडकीतल्या उन्हात उघडलं, खाली कोरा कागद धरला आणि मुक्ताबाईंना म्हणाले, "ही ठीक आहे." बस्स, एवढंच. उगाच कापड बदललं, माळ्यावर टाकलं, पापड राखायला बसवलं, त्याबद्दल एक शब्द नाही. मीही अपेक्षा धरली नव्हती.

कंपनीतलं चित्र त्यांनी परत मागितलं. दुसरं काढून देतो, खऱ्या रंगाचं, म्हणाले. विश्वजीत फोनवर म्हणाले, "काका, राहू द्या ना. सगळ्यांना तेच आवडतं." ते अजून तिथे आहे. येणारे पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. यावर मी काय बोलू?

श्रीधरसर महिनाभर आले नाहीत. मग आले, आणि मुक्ताबाईंनी त्यांना चहा विचारला तर नको म्हणाले. ज्ञानदेव मात्र पहिल्याच रविवारी दारात हजर होते. रंगनाथरावांनी त्यांना आत या म्हटलं नाही. पिशवी खांद्याला लावली, मला काखेत मारली आणि त्यांच्या पुढून जिना उतरले. ज्ञानदेव मागोमाग आले.

एका डोळ्याने रंग खरा कळतो, पण अंतर कळत नाही. वस्तू जवळ आहे की लांब, याचा अंदाज दोन डोळे मिळून करतात. रंगनाथरावांनी मला मातीत रोवायला घेतलं तर सळई दगडावर आपटली. कागद मांडीवर घेतला, काठाकाठाने हिरवट करडा रंग भरला, उन्हाच्या जागा कोऱ्या सोडल्या. मग ब्रश धुवायला हात पुढे केला. ब्रश वाटीच्या शेजारी जमिनीवर टेकला.

"डावीकडं," ज्ञानदेव म्हणाले.

"दिसतंय मला."

"दिसत न्हाय. डावीकडं."

रंगनाथरावांनी मान वर केली. एक डोळा स्वच्छ, एक दुधाळ. मला वाटलं, आता ते उठून जातील. त्यांनी हात डावीकडे नेला. ब्रश पाण्यात बुडला.

"सांगत जा," ते म्हणाले.

तेव्हापासून ज्ञानदेव सांगतात. डावीकडं, खाली, अजून खाली, तो चहा हाय. रंगनाथराव दरवेळी चिडतात आणि दरवेळी ऐकतात. त्यांची चित्रं आता कोणी विकत नेत नाही. नदी पुन्हा मळकी झाली आहे ना.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल. त्याने चहात बुडवायचं बिस्कीट कपाच्या बाहेर टेकवलं, पिवळ्या फुलाला पांढरं म्हटलं, तर हसून सोडून देऊ नका. वय झालं, असं म्हणून पुढे जाऊ नका. त्याला राग येईल. तुमच्याशी चार दिवस बोलणार नाही. येऊ द्या राग. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणं तुम्हाला परवडतं, त्याच्या डोळ्याला परवडत नाही. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. तो छत्रीला दोष देईल, चष्म्याला देईल, दिव्याला देईल. ऐकून घ्या आणि रिक्षा वळवू देऊ नका.

मला हे सांगता आलं असतं, तर मी एक वर्ष आधीच सांगितलं असतं.